कंदील आधी

सन्मतीनं मोबाईल पुढं धरला तेव्हा
काचेवर त्याच्या अंगठ्याचा पिवळा ठसा होता.
"दिवाणजी, पैसे गेले ओ.
काल टाकले. आज व्याजानं लावायला बघतोय
तर शून्य दाखवतंय."

मी चष्मा धोतराला पुसला.
एकतीस वर्षं या अडतीच्या वह्या लिहिल्यात,
शून्य माझ्या ओळखीचं आहे.
बहुतेक वेळा ते चुकीच्या पानावर बघितलेलं असतं.

"वर सरकव."
तीन नावं होती, एकाखाली एक:
स्पॉट, मार्जिन, फंडिंग.
पैसे पहिल्यात निवांत पडले होते
आणि पोरगं तिसऱ्याचं झाकण काढून रडत होतं.

अरे, तुझ्या आजोबांची हरिपूरला तीन पेवं होती.
एकात सौद्याची हळद, भाव आला की उपसायची.
एकात तारणाची; तिच्यावर उचल घेतलेली,
भाव कोसळला तर पेढीवाला आधी तीच काढणार,
तुला विचारायला थांबणार नाही.
आणि एकातली दुसऱ्याला वापरायला द्यायची,
मुदतीनं, भाड्यानं.
मालक एक. माती एक. चिठ्ठ्या तीन.
दस्तगीर पेववाला चिठ्ठी बघायचा,
तोंड बघायचा नाही.

"मग इकडचं तिकडं करू?"
आणि केलंच त्यानं, मी हो म्हणायच्या आत.
हमाल नाही, काटा नाही, तोलाई नाही,
सुतळी तुटल्याचा आवाजसुद्धा नाही.
पहिलं पेव शून्य झालं.
या वेळी तो दचकला नाही.
मी दचकलो.
ज्या ओझ्यानं पाठ वाकत नाही
ते हलवताना माणूस दोनदा विचार करत नाही.

घेणार कोण?
"माहीत नाही."
नाव, गाव?
"तसलं काय नसतंय."
व्याज?
"रोजचं. रोज बदलतंय."
तो बुडाला तर?
"त्याचं तारण असतंय की. मार्जिनमधलं. ते विकून आपले देतात."
बरं. आणि पेव कुणाचं?

बाहेर सौदा सुरू झाला होता,
ढिगावर कुणीतरी हळकुंड मोडलं, कट्‌कन,
आत केशरी आहे का बघायला.
सन्मती स्क्रीनकडं बघत राहिला.
"पेव... एक्स्चेंजचं."
किल्ली?
"त्यांच्याकडंच."

मी काही बोललो नाही.
मला दस्तगीर आठवला,
तोंडावरची माती बाजूला करून
बिडी न पेटवता नुसता बसलेला.
आतली हवा जाऊ दे म्हणायचा.
मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा,
हळू, अगदी तळापर्यंत,
आणि आपण डोळ्यांवर हात धरून बघायचं
ज्योत उभी राहते का.
विझली तर त्या दिवशी कुणी उतरायचं नाही,
मुनीम ओरडो, गाडी थांबून राहो.
त्याचा बाप एकदा थांबला नव्हता.
एवढंच मला माहीत आहे,
आणि तेही दुसऱ्यांकडून.

"किती लावू?" सन्मतीनं विचारलं.
"कंदिलापुरतं."

त्यानं बराच वेळ आकडा खोडला, लिहिला, खोडला.
शेवटी दोन दिवसांच्या मुदतीनं थोडेसे लावले,
बाकीचे परत पहिल्यात.
मग हात धुवायला गेला.

मी रोजकीर्द ओढली.
सन्मती, पेव तिसरं, रक्कम, तारीख.
पेन टोपणात घातलं
आणि पेन्सिलनं लिहिलं.