चार काउंटर

नव्या चिपचा ठोका जुनीच्या दुप्पट,
काम मात्र जेमतेम सव्वापट वेगानं.

आवेलिनो म्हणाला, घड्याळाला काय विचारतेस?
आत बसलेल्या काउंटरांना विचार.

विचारलं.
शंभरातले साठ ठोके
नवी नुसती उभी होती,
मेमरीतून यायच्या एका आकड्यासाठी.

काउंटर चारच, घटना चाळीस.
पाळीपाळीनं मोजल्या,
मधल्या फटी अंदाजानं भरल्या,
अहवालात तसं लिहिलं.
वेर्ण्याच्या साहेबांनी
नेमकी तीच ओळ खोडली.

रायबंदरच्या धक्क्यावर मग
माझी नवी मोटरसायकल,
शेजारी पावाची टोपली बांधलेली सायकल.
फेरी अजून चोडणलाच.

पाववाला घंटी पुसत होता.
मी मनातल्या मनात
ती ओळ परत लिहीत होते.