पाच पट्ट्या

हिंगण्याच्या शेडमध्ये बारा वाजले की
पत्रा बोलायला लागतो, टक्, टक्.
माझ्या खोलीत मात्र तेवीस अंश.
माणसांसाठी नाही, पट्ट्यांसाठी.
दोन दिवस त्या इथे गारव्यात पडून असतात,
जाळायच्या आधी.

पलीकडे तुळसा नैताम.
साच्यातून निघालेलं झाकण उलटं धरते,
काठावरची पापुद्र्यासारखी फ्लॅश पात्याने सोलते,
मग आठशेचा पाणकागद, मग हजाराचा,
मग ट्यूबलाइटखाली तिरपं करून
नखाने शोधते ती रेघ,
जिथे प्लास्टिकचे दोन ओघळ भेटले
आणि नीट मिसळले नाहीत.
"हे पाहा भाऊ, यायचं जमलं नाही," म्हणते,
शेजारच्या घरातलं सांगावं तसं.

तिचं काम दिसतं. माझं काम उरत नाही.

माझं आडनाव निखारे.
भरतीच्या दिवशी साहेब खूप हसले
आणि आगीची खोली मलाच दिली.

पट्टी उभी टांगायची.
खाली फूटभरावर कापूस,
औषधाच्या दुकानातल्या गुंडाळीतला, पातळ पसरून.
ज्योत निळी, बोटाच्या पेराएवढी.
दहा सेकंद धरायची. काढायची. मोजायचं.
विझली की परत दहा.
थेंब पडला तर पडू दे.
पेटता पडला आणि कापसाने घेतला
तर आपल्या ऑर्डरपुरती पट्टी नापास.

माझा आजा गोळीबार चौकात मागावर बसायचा.
कापसाशी घराण्याचं नातं
आता एवढंच:
मी त्याला साक्षीला बसवतो.

मार्चमध्ये ऑर्डर आली, कूलरचे टर्मिनल बॉक्स,
बारा हजार नग. पार्टीला चकाकी हवी,
म्हणून वरून लॅकरचा एक हात.
तुळसाने त्याआधी झाकणं अशी घासली
की वरचा पंखा त्यात फिरताना दिसायचा.
कोरी पट्टी तीन सेकंदात विझली होती.
चकाकीवाली पहिली, सव्वीस.
दुसरी, एकतीस.
तिसरीने थेंब टाकला
आणि कापूस गेला, भुर्रकन,
चौथी-पाचवीची वाट न पाहता.

"रिपोर्टात कोरी टाका ना, निखारे," साहेब म्हणाले,
"मटेरियल तर तेच आहे बाप्पा."
मटेरियल तेच होतं. खरंच तेच होतं.
पेनचं टोपण काढून मी बसून राहिलो
जेवणाच्या सुट्टीपर्यंत.

तुळसा आली, ओले हात ॲप्रनला पुसत.
"काऊन पेटलं?"
"वरचा हात पेटते," मी म्हणालो, "आतलं नाही."
तिने जळकं टोक घेतलं,
काजळी अंगठ्याने पुसली, खाली नखाने चाचपलं.
"आतून बरा होता बिचारा."
मग दारातून वळून,
"कूलरातच लागते ना हे?
आमच्या पोट्ट्याच्या उशाशीच असते कूलर, रातभर."

मी पाचही लिहिल्या.
सेकंदांसकट, थेंबांसकट.
कापूस: पेटला.

पुढचं वरच्या मजल्यावर ठरलं.
बारा हजारांतले किती गेले, किती राहिले, मला ठाऊक नाही.
जे शेडमध्ये परत आले
त्यांची चकाकी घासून उतरवायला तुळसाला बसवलं,
त्याच रोजीत, अठरा दिवस.
याबद्दल ती मला काही बोलली नाही.
मीही नाही.

मे. रात्रीचा दीड.
सेहेचाळीसचा दिवस अजून भिंतीत आहे.
घरचा कूलर घुमतो, वाळ्याचा ओला वास,
लेकीचा हात चादरीबाहेर.
मी उठून मागे जातो, बॉक्सवर तळवा ठेवतो.
कोमट.
काठ कुठेच बोचत नाही,
कुणीतरी मन लावून घासलंय.
जाळून कुणी पाहिलं का, ते हाताला कळत नाही.
तसाच उभा राहतो
दहा मोजून होईपर्यंत,
मग परत दहा.