कोनाकोनी

उद्यमनगरात, बाबालाल शिकलगारांच्या शेडमध्ये
मी पहिली खिडकी जोडली तेव्हा
चारी बाजू टेपला बरोबर होत्या.
साडेतीन, चार, साडेतीन, चार.
मी म्हटलं, झाली.
चाचा तोंडातली विडी न काढता म्हणाले,
"कोनाकोनी धर की मर्दा."
धरली.
दोन सूत फरक.

म्हणजे ती आयत नव्हतीच.
समोरासमोरच्या बाजू सारख्या, समांतर,
फक्त सगळं अंग एकीकडे कललेलं,
रंकाळ्यावर वाऱ्यात उभं राहिल्यागत.
बरं की टाके कच्चे होते.
चाचांनी लांब कर्णाच्या कोपऱ्यावर
एकच घाव घातला,
आणि समांतरभुजाचा आयत झाला
माझ्या डोळ्यांदेखत.

रात्रशाळेत नाईकनवरेबाईंनी विचारलं,
चौरस हा आयत असतो का?
मागचा बाक हसला.
पहाटे गंगावेशीत धारा काढून येणारा सुबराव
झोपेतनंच बोलला,
"मुऱ्हा ही म्हैस नव्हं काय, बाई?"

मग बाईंनी फळ्यावर भावकी मांडली.
वर नुसता चौकोन, कसली अट नाही.
एक जोडी समांतर झाली की समलंब.
(एकच, की निदान एक?
यावर शहाणीसुरती भांडतात,
तुम्ही पेपरात पुस्तकातलं लिहा.)
दोन्ही जोड्या झाल्या की समांतरभुज.
तिथं वाट फुटते:
कोन ताठ केले तर आयत,
बाजू सारख्या केल्या तर समभुज,
आणि दोन्ही घरच्या सातबाऱ्यावर ज्याचं नाव
तो चौरस.
पतंग जरा लांब बसलेला,
समभुजाला मात्र तो आपलाच म्हणतो.
खाली उतरावं तशा अटी वाढतात,
माणसं कमी होतात.

मी वरच बघत राहिलो.
त्या बिनअटीच्या चौकोनाकडे.
जवाहरनगरातली आमची खोली तसली आहे.
उरलेल्या जागेत बसवलेली,
एक भिंत दुसरीला ओळखत नाही,
कुठल्याही कोपऱ्यात गुण्या टेकत नाही.
चार कोनांची बेरीज तेवढी
सगळ्यांसारखी, तीनशे साठ.

बाई जाता जाता म्हणाल्या होत्या,
कुठलाही घ्या, बाजूंचे मध्य जोडून बघा.
रविवारी कॉट बाहेर काढली.
चारी भिंतींचा मध्य खडूनं धरला,
ओळंब्याचा दोरा ताणला.
समोरासमोरचे दोरे सारखे आले.
खोटं वाटलं. परत मोजले.
आई दारात परात घेऊन उभी,
"आत येऊ का नको?"

सोमवारी चाचांना सांगितलं.
त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला.
"कोनाकोनी धरलीस?"
धरली. जमत नाही. चार इंच फरक.
"मग आयत न्हाई."
पट्टी उचलून कटरखाली सरकवली.
"पर समांतर हाय म्हंतोस नव्हं,
त्या तसल्या खोलीत?"
आणि बराच वेळ
त्यांनी मशीन चालूच केलं नाही.