मनीस

कॅम्पात, मच्छीमार्केटच्या मागल्या गल्लीत
आमच्या खानावळीचा फळा: वर कानडी, खाली मराठी,
दोन्हीकडे शब्द एकच, बिस्तीक,
आणि दोन्हीकडे तो परकाच.
शुक्रवारी बंद.

माझा बाप इनास, पलटणीतला आचारी.
लढाई संपली असं सांगून जहाजात चढवलं
आणि उतरवलं ते जाव्यात, दुसऱ्या लढाईत.
डच साहेबाचा बंगला, साहेब नाही, मडम नाही,
मुदपाकखान्यात तेवढी त्यांची आचारीण राहिलेली,
सारियेम.

तिला ह्याची बोली येईना, ह्याला तिची.
ती म्हणाली, पाला.
हा अंगणात गेला, दिसेल त्या झाडाचा पाला ओरबाडून आणला.
ती हसत हसत भिंतीला टेकली,
मग ह्याच्या तळहातावर एक जायफळ ठेवलं.
ती म्हणाली, गुला.
ह्याने बरोबर गुळाची ढेप उचलली.
त्या एका शब्दाच्या भरवशावर
चार महिने चूल चालली.

मांस पातळ कापायचं, बत्त्याने ठेचायचं.
लोणी साहेबाचं, व्हिनेगर साहेबाचं,
काळा गोड रस तिचा,
लवंग कुणाची ते लवंगेलाही आठवत नसेल.
वर तळलेला बटाटा, गाजर, अंड्याची फोड,
रस्सा पातळ, बशीत पळणारा.

बेळगावात आल्यावर काळा रस मिळेना.
बापाने संकेश्वरचा गूळ कढईत जाळला,
चार वेळा कडू झाला, पाचव्यांदा जमला.
बटाटा तर काय, आपलाच.
मांस म्हशीचं. आता तर तेरा वर्षांवरची, कागदासकट,
दोन तास जास्त शिजते
आणि तरी दाताशी हुज्जत घालते.

दर नाताळला, दुसऱ्या पेल्यानंतर, तो हेच सांगायचा:
आमची पोरं पलीकडचं गाव पेटवून आली होती.
माझ्या हाताला रॉकेलचा वास नव्हता, पण शर्टाला होता.
मी रांधलेलं तिने बोटाने चाखलं,
माझ्याकडे बघितलं
आणि म्हणाली, मनीस.
मनीस म्हणाली रे मला.
इथे थांबायचा. पुढचं कधीच सांगितलं नाही,
आम्हीही विचारलं नाही.

परवा मेडिकलची एक मुलगी आली, मलेशियाची, अझलीना.
रस्सा पावाला लावला, डोळे मिटले,
म्हणाली, मनीस.
माझ्या हातातला डाव कढईत पडला.
काय म्हणालीस?
तिने हिंदीत शब्द शोधला, सापडला: मीठा.
आमच्याकडे ह्याला मनीस म्हणतात, अंकल. आमच्याकडे, जाव्यातही.

मग माणसाला काय म्हणता, मी विचारलं.
ओरांग, ती म्हणाली,
आणि आणखी एक पाव मागितला.

म्हणजे गूळ जास्त झाला होता,
एवढंच.

गल्ल्यामागच्या फोटोत बाप टोपी घालून उभा.
ह्या माणसाने एका चुकीच्या ऐकण्यावर
पन्नास वर्षं कुणावर हात उचलला नाही,
उधारी बुडवणाऱ्यावरसुद्धा.

गूळ कमी करावा का, बायको विचारते,
हल्ली सगळ्यांना शुगर.
मी म्हणतो, राहू दे.
आणखी चिमूटभर घाल.