टांगणी

एकतीस वर्षं मी या दरीत टपाल वाटलं.
कुठला कुत्रा पायाला येतो, कुठला नुसताच भुंकतो,
कुणाच्या दाराला आतून कडी आणि कुणाच्या दाराला फक्त सवय,
हे मला नकाशाशिवाय कळायचं.

म्हणून नगरपालिकेचा तिलेन फोन पुढे करून म्हणाला,
"व्हिल्माकाकू, हे बघा, सात हिरवे ठिपके,
सात यंत्रं, थांबलेल्या हृदयाला झटका देणारी,"
तेव्हा मी आधी बूट चढवले.
ठिपक्यांवर माझा विश्वास नाही.
ठिपक्याला दार नसतं.

पहिला ठिपका बँकेत. बँक दोन वर्षांपूर्वीच उठून गेली.
काचेमागे चार खुर्च्या, एक वाळलेली कुंडी
आणि ते यंत्र, धूळ खात.
दुसरा लाकडाच्या गिरणीत: बॅटरी ईस्टरपासून संपलेली,
बोग्दानने वर टोपी अडकवलेली.
तिसरा बंबवाल्यांच्या भिंतीवर, बाहेरून,
ना कुलूप, ना किल्ली.
मी तिलेनच्या पाठीवर थाप दिली.
त्याने बसवलं नव्हतं, तरी.

चौथा शाळेच्या व्यायामशाळेत.
मी थांबले नाही. म्हटलं, पुढे चल.
"पण काकू, इथे लिहू काय?"
लिही, रविवारी कुलूप.
लिही, किल्ली शिपायाकडे, शिपाई लेकीकडे, लेक क्रान्यला.
लिही, फाटकापासून काचेपर्यंत बावन्न पावलं.
आतला हिरवा दिवा बाहेरूनही दिसतो.
लुद्विकच्या छातीवर दोन्ही तळवे रोवून
मी मोजत होते, आणि तो दिवा लुकलुकत होता,
इतका शांत, जणू आज टपालच नाही.
हे लिहू नकोस.

पाचवा, सहावा ठीक.
सातवा नदीत पडला होता, कुणाचं तरी बोट चुकलेलं.
तिलेनने त्याला ओढून
दवाखान्याच्या पायरीवर आणून कोरडा केला.

आणि आठवा, नकाशात नसलेला:
त्सिरिलच्या मधमाश्यांच्या घरामागे,
चित्रं रंगवलेल्या पेट्यांशेजारी,
मध विकून स्वतःच्या पैशाने घेतलेला.
"नकाशात कशाला? सगळ्यांना माहीत आहे."
सगळ्यांना म्हणजे कुणाला रे, त्सिरिल?
ज्यांना माहीत ते सत्तरीपुढचे,
निम्मे तर चर्चमागे कायमचे राहायला गेले.
घाट उतरून येणाऱ्या सायकलवाल्या परक्या पोरीला माहीत आहे?
तिच्यामागून धापा टाकत येणाऱ्या बापाला?
त्सिरिल बराच वेळ धुराचं भांडं हलवत राहिला.
मग म्हणाला, "कुत्रा बांधून ठेवीन."
तो आम्ही होकार धरला.

जीव टांगणीला लागला म्हणतात, तो असा:
आठ भिंती, आठ खुंट्या,
आणि कुणाचा, हे अजून ठरायचं.

शाळेचं यंत्र आता फाटकाबाहेर आहे.
त्यासाठी सभेत तीनदा भांडले,
तिसऱ्यांदा कुणी वर बघितलंच नाही, नुसते हात वर झाले.
पेटीत ऊब धरणारी तार आहे, थंडीत गोठू नये म्हणून.
संध्याकाळी फिरताना मी झाकणाशी थांबते.
दिवा हिरवा. ठीक.
पत्र तयार आहे, पत्ता मात्र कोरा.

काल रात्री बर्फ नुकताच थांबला होता.
झाकण सताड उघडं,
खुंटी रिकामी.
फाटकापासून बुटांच्या खुणा, लांब लांब पडलेल्या,
पळणाऱ्याच्या, खाली पुलाकडे.

रिकामी पेटी मी काय कमी बघितल्या?
पण अशी कधी हात लावून बघितली नव्हती,
आत, जिथे ते लटकत होतं, तिथे अजून ऊब होती.

पुलापलीकडे तीन घरं. तिन्ही दारं मला पाठ.
एका खिडकीत दिवा.
मी मोठ्यानं मोजू लागले,
तिथे आत्ता कुणाचे तरी तळवे ज्या लयीत मोजत असतील त्या लयीत,
आणि चालू लागले.