पांढरे मोजे

भावाचं घर पाच महिन्यांनी उघडलं.
अरण्येश्वरच्या उतारावर, तळमजला.
तेल घातल्याशिवाय कुलूप फिरेना.
आत कुणी नव्हतं, म्हणून चपला न काढता गेले,
मग लाज वाटली, काढल्या.

दहा मिनिटांत घोट्यावर तीन ठिपके
एका ओळीत, बससाठी उभे असल्यासारखे.

शेजारच्या शेलारबाई दारातूनच म्हणाल्या, ढेकूण.
ढेकूण नाही हो.
ढेकूण चालतो, अंथरूण धरून राहतो.
ही उडाली.
बोटाखाली दाबली तरी मेली नाही,
दोन नखांमध्ये टचकन वाजली तेव्हा गेली.

छत्तीस वर्षं प्रयोगशाळेत काचपट्ट्या पाहिल्या मी.
खात्रीशिवाय कशाला नाव द्यायचं नाही.
म्हणून दुसऱ्या दिवशी पांढरे मोजे, गुडघ्यापर्यंत,
विद्याधरच्याच कपाटातले, क्रिकेटचे,
आणि पाय घासत घरभर फेऱ्या.
काळे दाणे मोज्यांवर चढले. मोजले.
स्वयंपाकघरात एकही नाही. पलंगापाशी चार.
त्याच्या आरामखुर्चीपाशी एकोणीस.

खुर्चीच्या गादीवर मिरपूड सांडल्यासारखं काही.
ओल्या टिपकागदावर घेतलं, थांबले.
कडेकडेने तांबूस पसरत गेलं.
रक्त. पचलेलं, जुनं.
मांजराचं असेल.
थोडं त्याचंही असेल.

मांजराचं नाव कढी. ती आता शेलारबाईंकडे.
आमच्याकडे असलं काही नाही, त्या म्हणाल्या.

तुळशीबागेतून फणी आणली, उवांची, बारीक दातांची.
नातीसाठी का? दुकानदाराने विचारलं.
मांजरासाठी.
सुटे पैसे त्याने जरा लांबूनच दिले.

शेलारबाईंच्या ओट्यावर कढीला विंचरलं,
शेपटीच्या मुळाशी, हनुवटीखाली,
फणी दरवेळी साबणाच्या पाण्यात.
मोजत शेलारबाईच होत्या.
सातपर्यंत त्यांचा आवाज पार खाली आला.

डॉक्टर बागवानांनी मानेवर थेंब सोडले.
कुत्र्याचं औषध मांजराला घालू नका, म्हणाले, जीव जाईल.
आणि अंगावर दिसतात त्या थोड्याच.
बाकी संसार घरात: सतरंजीत, फरशीच्या फटीत,
अंडी, अळ्या,
आणि कोष.

कोषांचं सांगितलं ते घरी येऊन लिहून ठेवलं.
घर रिकामं झालं की आतली पिसू मिटून बसते,
महिनोन्‌महिने.
खाणं नाही, घाई नाही.
फरशीवर पाऊल वाजलं, श्वासाची ऊब आली,
की बाहेर.

म्हणजे पाच महिने
या घरात कुणीतरी पावलांची वाट पाहत होतं.

तो होता तेव्हा मी दोन वर्षं आले नव्हते.
जागेचं भांडण. चार ओळींत सांगता येईल, सांगत नाही.
विद्याधरला मांजराचं पिसं लागलंय,
हे मी नातेवाइकांत हसून सांगायची.
आता पिसं माझ्याकडे, अनेकवचनी.

भाचीचा व्हॅक्यूम आणला. रोज खुर्ची, रोज फटी,
पिशवी गाठ मारून लगेच बाहेरच्या डब्यात.
अभ्रे, पडदे, कढीची गोधडी कढत पाण्यात.
त्याचं स्वेटर मात्र दोनदा बाजूला ठेवलं.
तिसऱ्यांदा तेही टाकलं पातेल्यात.

औषध फवारणारा मुलगा आला, सोपान नावाचा.
जाताना म्हणाला, मावशी, पुढचे पंधरा दिवस
अजून निघतील. घाबरायचं नाही.
निघू द्यायच्या. तुम्ही फक्त चालत राहा.

मग चालले.
रोज दुपारी, दारं लावून, पांढऱ्या मोज्यांत,
खुर्चीपासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून खुर्चीपर्यंत,
मुद्दाम टाचा आपटत,
माझ्याच वयाची कुणी वेडी दिसावी तशी.
अकरा. सहा. सहाच. दोन.
एक दिवस नऊ, का कोण जाणे.
मग एक.

गेला आठवडाभर मोजे पांढरेच.
शेलारबाई म्हणतात, संपल्या ना आता?
मग रोज दोन बस बदलून कशाला येता?

म्हटलं, कोषांचा भरवसा नसतो.