करंगळीचं खातं

बुसिया गावाच्या मधून एक रेघ जाते.
अलीकडे केनिया, पलीकडे युगांडा,
हे आईला कागदांनी शिकवलं.
त्याआधी पलीकडे मावशी होती, एवढंच.

मासळी तीच, बोटाएवढी, रुपेरी, उन्हात कडक झालेली.
पलीकडे तिला मुकेने म्हणतात, अलीकडे ओमेना.
नाव बदलायला जो खर्च येतो
त्याला कस्टम म्हणतात.

माझी आई, अमोइत, सव्वीस वर्षं दोन वाटांनी आली-गेली.
एक फाटकातली. दुसरी मक्याच्या शेतांमागची,
तिला आमच्याकडे पान्या म्हणतात. पान्या म्हणजे उंदीर.
फाटकात शिपाई घ्यायचा, पान्यावर शिपायाचा मेहुणा.
"घर एकच चालायचं," आई म्हणते
आणि हसते, की खोकते, कळत नाही.
तेव्हा सायकलवाले "बॉर्डर! बॉर्डर!" करत गिऱ्हाईक ओढायचे,
ओरडून ओरडून सायकलीचंच नाव बोडा-बोडा पडलं.

यंदा नैरोबीहून धोरण आलं.
छोट्या व्यापाऱ्याला एकपानी अर्ज, अमुक रकमेपर्यंत जकात माफ,
फक्त पैसा खात्यातून फिरला पाहिजे.
मांडवात साहेब म्हणाले: शेवटच्या बाईपर्यंत बँक!
शेवटची बाई मागच्या रांगेत
टोपलीवरच्या माशा वारत होती.

बँक म्हणजे मी.
डिझेल पंपाला टेकलेलं पत्र्याचं खोकं,
त्यात एक फोन, एक यंत्र, दोरीला बांधलेलं पेन
आणि दर नव्या खात्यामागे मला वीस शिलिंग.
आई समोर आली तेव्हा सवयीनं
मी म्हणाले, "पुढचे."

तिनं यंत्रावर अंगठा ठेवला.
यंत्रानं तिला अंगठा दाखवला.
पुसून ठेवला. थुंकी लावून ठेवला.
माझ्या डोक्याचं तेल चोळून ठेवला.
वाळू, ऊन, गोणीच्या सुतळ्या.
गावातली रेघ ओलांडता ओलांडता
बोटावरच्या रेघा झिजून गेल्या होत्या.
मदतकेंद्रातला मुलगा म्हणाला, ग्राहकाला बोट बदलायला सांगा.
तर्जनी नाही. मधलं नाही. अनामिका अर्धी दिसली आणि विरली.
रांगेतून ओपिली ओरडला, "पायाचं चालतं का विचार!"

नवव्या खेपेला डाव्या हाताची करंगळी.
हिरवा दिवा.
"हिनं जन्मात काही उचललं नाही," आई म्हणाली,
घरातल्या आळशी पोरीबद्दल बोलावं तसं.

पहिला भरणा दोनशे.
फोन थरथरला. स्वागत आहे. शिल्लक एकशे त्र्याण्णव.
"सात कुठं गेले?"
मी सांगू लागले. सेवाशुल्क, मग त्या शुल्कावरचा कर,
तो खजिन्यात जातो, खजिन्यातून रस्ते…
"म्हणजे इथंही मेहुणा आहे."

तिच्या गळ्यात किल्ली असते, काळ्या दोऱ्यात.
बायकांची पत्र्याची पेटी, तीन कुलपं, तीन घरं,
तिसरी किल्ली मावशीकडे, रेघेपल्याड.
साथीच्या वर्षी फाटक बंद झालं
आणि पेटी सात महिने उघडली नाही.
उघडली तेव्हा एक झुरळ निघालं, मेलेलं,
आणि पैसे जेवढे ठेवले तेवढे.
हे तिनं मला सांगितलं नाही. मी तिथं होते,
मीच मोजले होते.

"तुला किती सुटले माझ्यामागे?"
"वीस."
तिनं मनात हिशेब केला, ओठ हलले.
"मग तेरा घरात आले," म्हणाली
आणि टोपली डोक्यावर घेतली.

फाटकातून गेली, कागद दोन बोटांत उंच धरून,
शिपायानं पाहिलासुद्धा नाही.
परतली अंधार पडल्यावर.
चपलांना मक्याच्या रानातली ओली माती होती.
मी खोकं बंद करत होते,
विचारलं नाही.